शेजारची सीट

१

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना गल्लीत सगळे ब्रेकबाई म्हणत. नाव त्यांच्याच एका विद्यार्थ्यानं ठेवलं आणि ते चिकटलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणारा चुकला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. बाईंचा पाय त्या ब्रेकवरून सहसा हलत नसे. कुत्रं आडवं आलं, ब्रेक. कुत्रं येईलसं वाटलं, तरी ब्रेक. "हिच्या गाडीत कुत्र्यांना फार मान आहे," असं त्यांचे यजमान म्हणत. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि दिवसभर लोकांची नजर तपासून त्यांची जीभ जरा तिरकी झाली होती.

बाईंची सकाळ ठरलेली. चहा झाला की खाली यायचं, इमारतीमागच्या शेडचं शटर वर ढकलायचं, ओल्या फडक्यानं काचा पुसायच्या, गाडीभोवती एक फेरी मारून चारही चाकं जागेवर आहेत ना ते बघायचं. मग पहिला विद्यार्थी येईपर्यंत इंजिन सुरू करून ठेवायचं, म्हणजे गाडीचा आळस जातो.

त्या सोमवारी फेरीपर्यंत सगळं रीतसर झालं. रिमोट दाबला, दार उघडलं, बाई बसल्या, किल्ली फिरवली. टक्. पुढे काही नाही. समोर एक बारीक लाल दिवा लुकलुकायला लागला, आणि मग अलार्मनं असा काही गळा काढला की दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ जागं झालं.

अलार्म यजमानांच्या आग्रहानं बसवलेला. पलीकडच्या इमारतीतली गाडी चोरीला गेली तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावून तो बसवून घेतला होता. बंद गाडीत कोणी शिरलंय अशी नुसती शंका आली की हा अलार्म बोंबलतो, आणि वर इंजिनही अडवून धरतो. चोराला गाडी सुरूच करता येत नाही. कल्पना चांगली होती, पण इथे चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

बाईंनी गाडी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. बऱ्याच मिनतवारीनंतर लाल दिवा विझला आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली. तोवर पहिले विद्यार्थी, एक दातांचे डॉक्टर, येऊन उभे होते. ते स्टिअरिंगवर बसले, बाई शेजारी. बसता बसता बाईंना जाणवलं, सीट कोमट आहे. बाकावरून कोणी उठून गेलं आणि आपण लगेच तिथे टेकलो की लागते ना, तशी ऊब. शेडमध्ये ऊन येत नव्हतं. पण तेवढ्यात डॉक्टरांनी पहिल्याऐवजी तिसरा गिअर टाकला, गाडीनं आचके दिले, आणि बाईंना दुसरा विचार करायला सवड राहिली नाही.

२

बाईंच्या जिवाला खरा घोर होता तो लेकीचा. गुरुवारी तिची लायसन्सची परीक्षा होती.

लेकीला घरात बबडी म्हणत. चांगली नोकरीला लागलेली मुलगी, तिला ते आवडत नसे, म्हणून तर सगळे म्हणत. रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये ती तात्पुरती होती. घरोघर जाऊन आजारी, म्हाताऱ्या माणसांचं रक्त घ्यायचं काम; लॅब गाडी द्यायला तयार, कायम करायलाही तयार, फक्त लायसन्स हवं. आणि बबडी दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा चढावर. परीक्षेच्या मैदानातल्या उंचवट्यावर मध्येच थांबायचं आणि मागे न घसरता पुन्हा पुढे जायचं, एवढंच. बबडीची गाडी घसरायची. लॅबमधून या वेळी स्वच्छ सांगण्यात आलं होतं, आता नाही जमलं तर जागा दुसरीला.

गाडी शिकवणारीचीच मुलगी गाडीत नापास. दिव्याखाली अंधार, हे बाईंच्या तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण पाठीमागे म्हणायला गल्ली मोकळी होती. बबडीला मात्र कारण पक्कं माहीत होतं.

"तू शेजारी असलीस की माझा ब्रेक लागतच नाही, आई," ती म्हणायची. "माझ्या आधी तुझाच लागलेला असतो. परीक्षेला तू नसतेस, मग मी काय करू?"

यावर बाई ओट्यावरचं फडकं उचलून दुसरीकडे ठेवत.

अशात हा अलार्म. मंगळवारी त्यांनी फ्यूजभाऊला बोलावलं. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा हा माणूस. बोलण्यात पुढे, कामात बरा. त्यानं रिमोटमधला सेल बदलला, दारांचे खटके घासले, बॉनेट दोनदा आपटून बघितलं. मग डॅशबोर्डखालचा अलार्मचा डबा उघडून तो बराच वेळ दाराबाहेरूनच वाकून राहिला.

"हा दिवा खुणेनं बोलतो, बघा. एकदा लुकलुकला तर दार उघडं, दोनदा तर बॉनेट, तीनदा तर आत."

"आत म्हणजे?"

"आरशाच्या वर हा काळा ठिपका दिसतोय? तो याचा डोळा. आत काही हललं की याला कळतं." त्यानं बोटं मोजली. "तीनदा. याचं म्हणणं आहे, तुमच्या गाडीत कोणीतरी बसलंय." आणि स्वतःच्याच विनोदावर तो खूश होऊन हसला.

"बसायला आहे कोण? आपण दोघंही बाहेर उभे आहोत."

"कोळी असेल. डोळ्यावरून कोळी फिरला तरी हा बोंबलतो. नाहीतर पाल."

त्यांनी चटया उपसल्या, सीटखाली टॉर्च मारला. कोळी नव्हता, जाळं नव्हतं. मग चारही दारं लावून, गाडी बंद करून दोघं काचेला नाक लावून उभे राहिले. आत काही हलत नव्हतं. दिवा तीनदा लुकलुकला, थांबला. पुन्हा तीनदा. मग बऱ्याच वेळानं आपोआप विझला.

"गेली पाल," फ्यूजभाऊ म्हणाला. पाल जाताना कोणीच बघितली नव्हती. "डोळाच गेलाय याचा. नवा मागवतो, शनिवारपर्यंत येईल."

"परीक्षा गुरुवारी आहे."

"तोवर चुचकारत चालवा. गाडी काय आणि माणूस काय, गोड बोललं की चालतं."

३

बुधवारी दातांच्या डॉक्टरांना घेऊन बाई कालव्याकडच्या रिकाम्या रस्त्यावर गेल्या होत्या. डॉक्टर आज बरे चालवत होते, आणि बाईंच्या चपलेत खडा गेला होता. रस्ता मोकळा बघून त्यांनी चप्पल काढली, पाय सीटखाली दुमडला आणि वाकून खडा झटकला. गाडी कचकन थांबली.

"मॅडम, ब्रेक का मारलात?" डॉक्टर कुरकुरले. "समोर चिटपाखरू नाही."

"मी नाही मारला."

"माझा पाय तर वर आहे. हा बघा."

बाईंनी खाली बघितलं. त्यांच्या बाजूचं ब्रेकचं पेडल खाली गेलेलं होतं, आणि आता ते वर येत होतं. स्प्रिंग तुटली की पेडल फटकन उसळतं, हे त्यांना माहीत होतं. हे तसं आलं नाही. सावकाश आलं, मध्ये किंचित थांबलं आणि मग पुरतं वर आलं. इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवून बाईंना पाय वाचता येत. घाबरट पाय, आळशी पाय, बायकोशी भांडून आलेला पाय. हा पाय सरावाचा होता.

छे, पाय कसला, दांडी अडकत असणार. दोन्हीकडची पेडलं एका दांडीनं जोडलेली असतात. ती अडकली की असं होऊ शकतं. होतं का असं? कधी बघितलं नव्हतं, पण न बघितलेल्या पुष्कळ गोष्टी होत असतात. बाईंनी स्वतःला दटावलं आणि डॉक्टरांना दुसरा गिअर टाकायला सांगितला.

दुपारी त्या तेलाची कुपी घेऊन शेडमध्ये गेल्या. दांडीला तेल द्यायचं तर शेजारच्या सीटसमोरच्या, पाय ठेवायच्या खोलगट जागेत शिरावं लागतं. दार उघडं ठेवून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि डोकं डॅशबोर्डखाली घातलं. पाठ सीटकडे, टॉर्च दातांत. दांडी चांगली होती. गंज नाही, वाकलेली नाही, हातानं हलवली तर लोण्यासारखी हलत होती. तरीही त्यांनी तेल सोडलं.

मागे सीट करकरली.

ती करकर त्यांच्या ओळखीची होती. त्या सीटवर बसून माणसानं अंग सावरलं, एका कुशीवरचं वजन दुसऱ्या कुशीवर घेतलं की ती तशी करकरते. दिवसातून शंभरदा त्यांच्याच अंगाखाली करकरते.

बाई हलल्या नाहीत. पत्रा तापतो, निवतो, वाजतो, असं त्यांनी मनाशी म्हणून बघितलं. पण त्या आत्ता जिथे होत्या तिथे, त्या सीटवर बसलेल्या माणसाचे पाय असतात. डावीकडे एक गुडघा, उजवीकडे एक, आणि मध्ये त्यांचं डोकं. समोरच्या पेडलच्या घासून चकचकीत झालेल्या कडेवर लाल ठिणगी उमटत होती. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. अलार्म बोंबलत नव्हता, नुसता खुणावत होता.

बाहेर पडायला मागेच सरकावं लागणार होतं. त्या वर न बघता, अंग चोरून, एका कुशीवर होत दाराबाहेर घसरल्या, उभ्या राहिल्या आणि शटरपर्यंत गेल्यावरच वळल्या. सीट रिकामी होती. तेलाची कुपी आतच राहिली होती. ती आणायला त्या गेल्या नाहीत.

जेवताना त्यांनी यजमानांना हसत हसत सांगून बघितलं, की अलार्मला म्हणे गाडीत कोणीतरी दिसतं.

"दिसणारच," यजमान म्हणाले. "शिकवणीची गाडी ती. बिचारीला रिकामं राहायची सवय कुठे आहे?"

बबडी ताटात बघत चढाचा सराव तोंडानं करत होती. क्लच अर्धा, ब्रेक सोड, गॅस दे. तिचा घास हातातच होता. बाईंनी मग विषय वाढवला नाही. उद्या हिला त्या गाडीत एकटीनं बसायचं आहे, आणि आपण हिच्या डोक्यात काय भरवतोय, असं वाटून त्यांना स्वतःचाच राग आला.

४

गुरुवारी सकाळी अलार्मनं हद्दच केली. रिमोटला दाद नाही, किल्लीला दाद नाही. गाडी चुचकारून झाली, दारं आपटून झाली, बॅटरीची वायर काढून लावून झाली. वायर लावली रे लावली की तो पुन्हा सुरू. वरच्या मजल्यांवरून डोकी बाहेर आली. कोणीतरी ओरडलं, "अहो, ती गाडी विका नाहीतर आम्ही घरं विकतो!"

बबडी शटरजवळ उभी होती. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. अंगठ्याचं नख कुरतडून कुरतडून तिनं पार खाऊन टाकलं होतं.

"दुसऱ्या क्लासची गाडी मागू का?" बाईंनी विचारलं.

"नको. दुसऱ्या गाडीचा क्लच कुठे पकडतो ते मला कळणार नाही. चढावर पुन्हा तेच होईल." तिचा आवाज चिरकला. "आई, काहीतरी कर ना. तिथे उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत."

बाईंनी फ्यूजभाऊला फोन लावला. अलार्मच्या कोलाहलात एक कान दाबून धरावा लागला.

"डोळाच काढा," तो ओरडून म्हणाला. "आरशावरचं ते काळं झाकण ओढा, आत दोन तारांचा प्लग आहे, तो उपटा. पण सांगून ठेवतो, मग अलार्म आंधळा. गाडीत कोणी बसलेलं असलं तरी तो बोलणार नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

त्या स्टिअरिंगसमोर बसल्या आणि आरशाकडे हात वर केला. झाकण सहज निघालं. प्लग दोन बोटांत आला. आणि तो धरलेला असताना बाईंना एकदम वाटलं, हा बिघडलेला नाही. हा गेले चार दिवस आपल्याला एकच गोष्ट सांगतोय आणि आपण गाडीच्या दारांचे खटके घासतोय. डावीकडे बघावं असं वाटलं. बघितलं नाही.

"आई!" बबडी बाहेरून म्हणाली.

बाईंनी प्लग उपटला.

शेडमध्ये अशी शांतता झाली की वरच्या बाळाचं रडणं ऐकू आलं. त्यांनी किल्ली फिरवली. अर्धी फिरली असेल नसेल, गाडी सुरू झाली. इतकी अलगद ती कधीच सुरू झाली नव्हती.

५

मैदानापर्यंत बबडीनं चालवलं. बाई शेजारी बसल्या, बसावंच लागलं. सीट पुन्हा कोमट होती. त्यांनी दोन्ही पाय मागे ओढून घेतले, पेडलांपासून दूर, आणि पर्स मांडीवर घट्ट धरून ठेवली. आईचा पाय ब्रेकवर नाही हे बबडीच्या लक्षात आलं नाही. तिची नजर रस्त्यावर होती.

शाळेच्या वळणावर झाडाच्या सावलीत एक गतिरोधक आहे, नवख्याला दिसत नाही. गाडी तिथे पोचायच्या आधी हळूच, अगदी बेतानं थबकली.

"बघितला होता मी," बबडी फणकारली. "लगेच ब्रेक कशाला? आज तरी मला चालवू दे की."

बाईंनी पाय आणखी मागे ओढले. "चुकलं," त्या म्हणाल्या. "आता नाही."

मैदान तारेच्या कुंपणानं वेढलेलं होतं. परीक्षा घेणारे साहेब मध्यावर छत्रीखाली बसले होते, आणि शिकवणारे सगळे कुंपणाबाहेर. आत गाडीत फक्त परीक्षा देणारा. त्यातही शिकवणीच्या गाडीला एक नियम होता. शेजारच्या पेडलांची पिन काढून ठेवायची, म्हणजे ती पेडलं नुसती लोंबतात, दाबून काही होत नाही. साहेबांचा शिपाई येऊन ते तपासतो.

हा नियम बाईंना नेहमी जाचायचा. आज मात्र पिन काढताना त्यांना हायसं वाटलं. त्यांनी हातानं ब्रेकचं पेडल दाबून बघितलं, ते मेल्यासारखं खाली गेलं आणि तसंच पडून राहिलं. आता दाब म्हणावं किती दाबायचं ते. पिन मुठीत धरून त्या उतरल्या.

दार लावताना एकाएकी त्यांचा धीर सुटला. "बबडे, आज राहू दे का? आपण पुढच्या वेळी..."

"पुढची वेळ नाहीये, आई." बबडीनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही, विनवल्यासारखं. "तू मला कधी एकटीला सोडतच नाहीस. एकदा सोड ना."

बाईंनी दार लावलं.

६

कुंपणाजवळ उभं राहून आपण काय बघतोय हे बाईंना धड कळत नव्हतं. गाडी वळत होती, खांबांमधून मागे जात होती, थांबत होती. काचेवर ऊन होतं, त्यामुळे आतलं नीट दिसत नव्हतं. बबडीचं डोकं दिसे, शेजारी काही दिसत नसे. काच वळली की पुन्हा सगळं पांढरं. बाईंचा उजवा पाय मातीत दाबला जात होता आणि पायाखाली छोटा खड्डा पडला होता.

गाडी चढावर गेली. मध्यावर थांबली. मागचे लाल दिवे लागले.

दिवे विझले आणि गाडी मागे घसरली. फार नाही, वीतभर. बाईंच्या तोंडून आवाज निघाला. शेजारी उभा असलेला दुसऱ्या क्लासचा माणूस चुकचुकला. आणि तेवढ्यात गाडी थांबली, जागच्या जागी थरथरली, आणि पुढे निघाली. सरळ, एका दमात, वर जाऊन पलीकडे उतरली.

पिन बाईंच्या मुठीत होती. त्यांनी मूठ उघडून खात्री केली, मग पुन्हा मिटली. म्हणजे शेजारच्या पेडलांनी काही झालेलं नव्हतं. जे झालं ते बबडीनं केलं होतं, तिच्या पायांनी, एकटीनं. बाईंना चारचौघांत रडू आलं. चार दिवस आपण पालींना आणि करकरींना भीत बसलो, आणि इकडे पोर गाडी शिकली. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि त्या दुसऱ्या क्लासच्या माणसाला, ज्याच्याशी त्या एरवी बोलत नसत, म्हणाल्या, "माझी मुलगी."

वीतभर घसरणं माफ असतं; साहेबांनी कागदावर सही केली. बबडी धावत आली आणि कुंपणाच्या तारेवरूनच आईच्या गळ्यात पडली.

"जमलं! आई, जमलं गं!"

"बघितलं मी. घसरली होती ना जराशी? मग कशी सावरलीस?"

"काय माहीत. एरवी माझे हातपाय लटपटतात, आज नाही लटपटले," बबडी म्हणाली आणि पुन्हा त्यांना मिठी मारली. तिचा हात बर्फासारखा गार होता. परीक्षेला बसलेल्याचे हात गारच असतात.

७

घरी जाताना बबडीच चालवणार होती. बाईंनी शेजारचं दार उघडलं, सीटवर तळवा टेकवला. गरम होती. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सगळंच गरम असतं. तरी त्यांनी हात काढला, दार लावलं आणि त्या मागे, बबडीच्या पाठच्या सीटवर जाऊन बसल्या. शिकणाऱ्याच्या शेजारी बसलंच पाहिजे हा नियम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोडला.

"मागे का?" बबडीनं विचारलं.

"आता तू ड्रायव्हर, मी सवारी. आरामात जाऊ दे मला."

बबडी खुदकन हसली. पिन बाईंच्या पर्समध्ये होती, पेडलं लोंबत होती, शेजारची सीट त्यांच्या डोळ्यांसमोर रिकामी होती. बबडी सुरेख चालवत होती. शाळेच्या वळणावर तिनं स्वतः ब्रेक लावला, स्वतः गिअर बदलला. बाबांना कसं सांगायचं, लॅबला आज फोन करू की उद्या, असं ती बोलत राहिली आणि मग रस्त्यावर गर्दी वाढली तशी गप्प झाली. मान ताठ ठेवून ती समोर बघत होती, बाईंनी शिकवलं होतं तसं.

मोठ्या चौकात लाल दिव्याला गाडी थांबली. उजवीकडे मालाचा ट्रक, डावीकडे दुचाक्यांची रांग, मागे बस. बबडीनं निघायच्या तयारीत गिअरवर हात ठेवला.

दोन सीटांच्या फटीतून बाईंना तो हात दिसत होता. बोटं एकमेकांना चिकटली होती. कातडी गाठींवर ताणून पांढरी पडली होती आणि त्यावर आडवे, फिकट पट्टे उमटले होते, वरून कोणी आवळून धरल्यावर उमटतात तसे.

"आई, हात काढ ना आता," बबडी म्हणाली. नजर समोरच्या दिव्यावर. "येतं मला."

बाईंनी आपले हात बघितले. दोन्ही मांडीवर होते, पर्सच्या पट्ट्यावर.

ओरडावंसं वाटलं. पण स्टिअरिंगवरच्या माणसाला घाबरवायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. भर चौकात, ट्रकच्या शेजारी तर नाहीच नाही. त्यांनी आवाज जमेल तेवढा रोजचा ठेवला.

"काढला," त्या म्हणाल्या.

"कुठे काढलास?" बबडी हसली. "उलट जास्तच दाबतेयस."

दिवा हिरवा झाला. मागच्या बसनं हॉर्न वाजवला. निघण्याआधी आरशात बघून घ्यायचं, ही बाईंचीच शिकवण. बबडीनं मान वर केली, आणि आरशात मायलेकींची नजरानजर झाली.